रहाटाजवळ ओरडू नये

मी ओरडले आणि रेडा चालला.

नवऱ्याचा डावा हात तेव्हा रहाटाच्या दोन चाकांमध्ये होता. एक चाक आडवं, एक उभं, दोन्हींना मनगटाएवढे लाकडी दाते, एकमेकांत बसणारे. रेडा दांड्याला जुंपलेला असायचा. तो गोल फिरला की आडवं चाक फिरे, त्याच्यावर उभं फिरे आणि विहिरीतून मडक्यांची माळ पाणी घेऊन वर येई. त्या दिवशी रेडा आपणहून थांबला होता. दात्यांत लाकडाची पाचर अडकली होती, ती नवरा वाकून काढत होता. मी भाकरी घेऊन येत होते. मला तो हात दिसला आणि मी ओरडले, "अहो, हात!"

रेड्याच्या डोळ्यांना झापड होती. त्याला मी दिसत नव्हते, हात दिसत नव्हता. त्याला एकच गोष्ट शिकवलेली होती, मागून ओरडा आला की चालायचं. तो दोन पावलं चालला. चांगला रेडा होता.

सुका ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. नवरा ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, "झापड काढ." मी धावले, झापड ओढून काढली. उजेड दिसल्यावर रेडा थांबला. पण चाक उलटं फिरत नव्हतं. दात्यांवर एक लाकडी पट्टी आपटत असे, टक, टक, टक, आणि ती चाकाला मागे येऊ देत नसे. तिला काही नाव असेल, मला कोणी सांगितलं नाही. तेवढ्यात मला धावताना बघून सासू झोपडीतून आली. तिने पट्टी उचलून धरली, मी वेसण धरून रेड्याला मागे रेटला. चाक उलटं फिरलं. नवऱ्याने आपला हात आपणच बाहेर काढला आणि दुसऱ्या हातात तान्हं मूल धरावं तसा धरला.

भाकरी माझ्या हातून पाटात पडली होती. एवढं सगळं चाललेलं असताना ती पाण्यावरून कुठल्या वाफ्याकडे जाते ते मी बघत होते. दुधीच्या वाफ्यात गेली. ते मला अजून दिसतं. रक्त दिसत नाही.

आमची भाजीची वाडी अंधेरीच्या पुढे, जोगेश्वरीच्या टेकडीच्या या अंगाला होती. एक विहीर, चार माड, कुडाची झोपडी, आणि दुधी, पडवळ, भेंडी, माठ. तेव्हा, पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत, तिकडे अशा बऱ्याच वाड्या होत्या. शेजारी म्हशींचा तबेला होता. तबेल्याच्या दुधाच्या लॉरीतून नवऱ्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने सांगितलं, हात कोपरापासून काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. कागदावर अंगठा द्या. नवरा डावखुरा होता. तापाने डोळे लाल झाले होते, तरी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला सही येत नाही. मी अंगठाच लावतो, तोही डावा. तो कापलात तर पुढच्या वेळी काय लावू?"

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "हात वाचवायला गेलो तर कदाचित तुम्ही वाचणार नाही."

"अंगठा आणि एक बोट ठेवा. रोप लावायला तेवढं लागतं."

"आणि बाकीची?"

"बाकीची घ्या."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी पुन्हा तोंड उघडायला तयार नव्हते. शेवटी त्याने अंगठा, त्याच्याजवळचं बोट आणि मधल्या बोटाचं अर्धं पेर ठेवलं. सुया रोज टोचल्या. दीड महिन्याने नवरा घरी आला तो एवढासा होऊन. हात कातडीची पिशवी असावी तसा, आणि बोटं लाकडाची. हलत नव्हती.

माझा दीर घाटकोपरला एका कारखान्यात होता. तो दर रविवारी यायचा. पहिल्याच रविवारी त्याने विषय काढला. "दादा, आमच्या गेटावर दरवान पाहिजे. एका हाताचं काम. साहेब दिवाळीपर्यंत थांबेल."

"बघू," नवरा म्हणाला.

"वाडी कोण करणार? वहिनी?"

"सध्या तीच करतेय."

खरंच मीच करत होते. भाजीला नवऱ्याच्या हाताशी काही देणंघेणं नव्हतं, तिला रोज पाणी हवं होतं. पण पाणी देणं एवढीच काही वाडी नसते. बी धरणं, रोप लावणं, वेल चढवणं, कीड ओळखणं, हे सगळं त्याच्या बोटांत होतं. मी एखादा हंगाम ओढून नेला असता. पुढे वाडी बसली असती. बोटं हलली तर वाडी राहणार, नाहीतर तो गेटावर जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कोणी बोलत नव्हतं.

सासू मात्र रेड्यावर बोलायची. "त्या हलकटाला खाटकाला द्या. माझ्या मुलाचा हात खाल्ला त्याने." मी ओरडलेलं तिने ऐकलं नव्हतं. मी गप्प बसायचे. रेडा माझ्याकडे बघत गवत खायचा.

मी रहाट हाकायला लागले. हाकणं म्हणजे रेड्याच्या मागे गोल चालत राहणं. विहीर, माड, टेकडी, झोपडीचं दार. पुन्हा विहीर, माड, टेकडी, दार. वीसेक फेऱ्या झाल्या की पाय आपले आपण चालतात आणि डोकं रिकामं होतं. कधी वाटायचं, झापड मलाच आहे. कधी वाटायचं, मी जागच्या जागीच उभी आहे आणि टेकडीच माझ्याभोवती संथपणे फिरते आहे. माडांच्या सावल्या अंगावरून जायच्या, थंड, ऊन, थंड, ऊन. पाण्याचा आवाज आणि ती पट्टी, टक, टक. मी तोंडातून शब्द काढत नसे. रेडा थांबला तर पाठीवर हात मारायचे.

सासू म्हणाली, "मुकी झालीस की काय गं?"

मी मान हलवली.

दारात खाट टाकलेली होती. दर फेरीला नवरा मला एकदा दिसायचा, पाच-सहा पावलांपुरता. एका फेरीत आडवा. पुढच्या फेरीत तसाच. मग कधीतरी बसलेला. एका फेरीत खाट रिकामी दिसली, पण थांबता येत नव्हतं, पाट भरायचा होता. विहीर, माड, टेकडी. पुढच्या फेरीला तो खाटेवर परत आलेला. कपाळावर घाम, चेहरा चोरासारखा. माडापर्यंत चालून आला होता. ते सगळे महिने आता एकात एक मिसळले आहेत. मला आठवतं ते असं की तो एकाच लांब दुपारी बरा झाला, दर फेरीला थोडा थोडा.

पट्टी वाजली की त्याची उरलेली बोटं पोटाशी ओढली जायची. झोपेतसुद्धा. त्याला ते ठाऊक नव्हतं, मला दिसायचं. तरी कान रहाटाकडेच. एकदा खाटेवरून म्हणाला, "रेडा लंगडतोय. मागचा उजवा." मी पाहिलं तर खुरात काटा. नुसत्या टकटकीवरून त्याने ओळखलं होतं.

डॉक्टरने रबरी चेंडू दिला होता दाबायला. नवऱ्याने तो दोन दिवस दाबला आणि म्हणाला, "हे काय काम आहे?" चेंडू खाटेखाली गेला. मग सासूने एक दिवस भिजवून मोड आलेल्या वालांचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. बिरडं करायचं तर वालाचं साल एकेक करून काढावं लागतं. अंगठा आणि बोट यांत धरून चिमटायचं, की दाणा सुळकन बाहेर येतो. बायकांचं काम. सासू म्हणाली, "सोल. बसून खातोस ते."

पहिल्या दिवशी तीन दाणे सोलले. सकाळपासून दुपारपर्यंत तीन. एक तर उडून कोंबडीने खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाच. त्याचं बोट वाकायला लागलं ते त्या वालांवर. रविवारी दिराने पाहिलं आणि हसून हसून खाली बसला. "दादा, दरवानाचं राहू दे, तुला खानावळीतच लावतो!"

"तू खातोस ना? मग गप खा."

आम्ही त्या वर्षी इतकं बिरडं खाल्लं की मला अजून वालाचा वास नको वाटतो.

पाऊस लागला तशी विहीर भरली आणि रहाट सोडवून ठेवला. टकटक बंद झाली. घरात इतकं शांत झालं की आपण पाण्याखाली आहोत असं वाटायचं. त्या दिवसांत एकदा सासू बाहेर गेली होती. आम्ही दोघं समोरासमोर वाल सोलत बसलो होतो. पातेल्यात पाणी गढूळ झालं होतं. मी खालीच बघत म्हणाले, "मी ओरडले म्हणून रेडा चालला."

"ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"तेव्हापासून. मी तिथेच होतो ना."

"मग आईंना का नाही सांगितलंत?"

"तिने तुला खाटकाला दिली असती."

मी हसले की रडले ते आठवत नाही. तो म्हणाला, "झापड काढल्याशिवाय हात घालायला नको होता मी. पण तुझा आवाजही काही कमी नाही." मग पातेलं माझ्याकडे सरकवलं. "सोल."

माफी मागायची राहून गेली. पुढेही कधी मागितली नाही.

दिवाळी झाली. वाफे सुकले. रहाट पुन्हा लावला. दीर त्याच दिवशी उत्तर न्यायला आला होता. रेडा जुंपला, झापड बांधली, आणि पहिल्याच फेरीत चाक असं करकरलं की तबेल्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. दात्यांना तेल हवं होतं. नवरा अजून एकदाही चाकाजवळ आला नव्हता. इतके महिने तो माडापर्यंत यायचा आणि थांबायचा. त्या दिवशी तेलाची वाटी घेऊन माड ओलांडून आला. रेडा थांबवला. मी झापड सोडायला हात वर केला.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो..."

"तू वेसण धर आणि तोंड मिट. झापड काढून हात घातला तर मला काय कळणार?"

मला आजही तो शहाणपणा वाटत नाही. पण मी वेसण धरली. त्याने अंगठा आणि बोट तेलात बुडवलं आणि डावा हात दोन चाकांच्या मधे घातला. त्याच जागी. एका दात्याला तेल लावलं. मग दुसऱ्याला. गोमाशी येऊन रेड्याच्या खांद्यावर बसली. त्याचं कातडं थरथरलं. मी पदर तोंडात कोंबला. एवढ्यात दीर माझ्या बाजूला आला, त्याने पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडलं. मी मोकळ्या हाताने त्याचं तोंड दाबून धरलं. तो मला चावला. मी सोडलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन पाण्यावर हलत होतं, टेकडी जागच्या जागी होती. नवऱ्याने सगळ्या दात्यांना तेल लावलं, एकेकाला, बी पेरावं तसं. मग हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि हळूच म्हणाला, "चल."

रेडा चालला. टक, टक, टक. मी नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. ती पोटाशी गेली नाहीत.

दीर तोंड पुसत म्हणाला, "तू वेडा आहेस, दादा. आणि ही तुझ्याहून वेडी. साहेबाला काय सांगू?"

"दुसरा बघ म्हणावं."

त्यानंतर आमच्या रहाटाजवळ कोणी ओरडलं नाही. मुलं झाली, त्यांनाही विहिरीच्या बाजूला हळू बोलायची सवय लागली. त्या हंगामाची रोपं नवऱ्याने अंगठा आणि बोटाने लावली, ओळी थोड्या वाकड्या आल्या.

रेडा त्यानंतर आठ वर्षं जगला आणि म्हातारा होऊन मेला. नवरा त्या दिवसानंतर एकोणतीस वर्षं जगला. मी अजून आहे.