एका भाकरीवरचं गाव

आमच्या निलंग्यात अंतर किलोमीटरात सांगत नसत, भाकरीत सांगत. वाटेत एकदाच फडकं सोडून जेवावं लागलं तर ते गाव एका भाकरीवर. अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, नियम असा की मुलगी एका भाकरीपलीकडं पाठवायची नाही. दुखलंखुपलं तर बापाला दिवे लागायच्या आत पोचता आलं पाहिजे. नांदेड या नियमात बसत होतं, म्हणून अक्काला तिथं नर्सिंग शिकता आलं.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्हा झाल्यामुळं लातूर आपल्या जवळ आलं, असं मी एका सत्काराच्या भाषणात ऐकलं. एसटीला ही बातमी पोचली नव्हती. त्यातच दुष्काळ पडला. तो बघायला पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार, धूळ उडायला नको, म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं. घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका ते बघत होत्या. तेवढ्या जागेपुरता दुष्काळ हटला होता खरा.

त्याच उन्हाळ्यात अक्काला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. होकार कळवायचा होता, पण अप्पा हो म्हणतील तेव्हा. मी कॉलेजात शिकत होतो, म्हणून नकाशा उघडून समुद्र दाखवायला बसलो. अप्पांनी नकाशा बाजूला सारला.

"किती भाकरीचं हाय ते सांग."

"मुंबईहून विमानानं तीन तास धरा," अक्का म्हणाली. "अर्धी भाकर बी न्हाई. वर विमानात जेवायला देतात."

"आन् मुंबई?"

"दोन भाकरी."

"मंग ते कुठं लांब हाय? आपुनच लांब हाव," आई चुलीपासून म्हणाली.

अप्पा हसले नाहीत. "तिथं आजारी पडलीस तर मी येऊ कसा? पासपोर्ट लागतो म्हणं."

"अप्पा, नांदेडात मला टायफॉईड झाला, तवा तुमी आलता का?"

"दुकान कोण बघणार व्हतं?"

"एकाच भाकरीवर व्हते की मी."

अप्पा उठून दुकानात गेले आणि स्वच्छ असलेली तागडी पुसत बसले. सकाळी आईला म्हणाले, "चार भाकरी जास्तीच्या थाप. मुंबईपतोर मी जातो हिच्यासंगं."

जिल्हा झाल्याच्या आनंदात सगळी पेठ बंद होती, त्या दिवशीही आमचं किराणा दुकान उघडं होतं. अक्का निघाली त्या दिवशी मात्र, भर बाजाराच्या दिवशी, त्याला कुलूप लागलं.

अप्पा परत आले ते धुळीनं पांढरे होऊन. पाय धुता धुता म्हणाले, "माझी गाडी सोलापूरला बी आली नसंल, तवर ही तिकडं पोचून जेवली आसंल. लई जवळ हाय ते."

अक्का पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा आई आणि मी स्टँडवर थांबलो होतो. एसटीतून आधी तिची पेटी उतरली, मग ती, आणि तिच्या मागून, रिकामं फडकं खांद्यावर टाकून, अप्पा. दुकान परवापासून बंद होतं.