आप्पांच्या मापाचे कपडे

पितांबरआप्पांचा डॉक्टरांच्या वजनकाट्यावर काडीचा विश्वास नव्हता. अख्खी उमर त्यांनी पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात घातलेली. काटा म्हटला की तो आधी तपासून घ्यायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. नंदुरबारच्या दवाखान्यात त्यांचं वजन उतरलेलं दिसलं, तेव्हा ते तिथेच बायकोला म्हणाले, "रुपानी माय, हाऊ काटा खोटा शे. मन्ही पँट दख. हूक जठे लागे तठेच लागस." पँट जरा ढिली झाली होती, पण हट्टी माणसाला तेवढं कुठे दिसतं!

रुपा ही त्यांची एकुलती एक मुलगी, आणि रुपाची माय म्हणजे सुंदरबाई. डॉक्टरांनी या दोघींना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. पोटातला आजार हाताबाहेर गेला होता. दिवाळी दिसली तर दिसली. रुपा रडत सासरी गेली. सुंदरबाईंनी मात्र डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं, यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. जायचंच आहे, तर माणसानं रोज भीत भीत का जगावं?

पण एका सकाळी आप्पा पँटची कंबर मुठीत धरून दारात नुसतेच उभे राहिले. हूक लावून सोडला की पँट खाली घसरत होती. त्या दिवशी ते ताटावरही बसले नाहीत. सुंदरबाईंना त्यांचा तो चेहरा सोसवेना. दुपारी आप्पा झोपले तेव्हा त्यांनी एक लांब नाडा घेऊन हलकेच नवऱ्याची छाती, कंबर, खांदा मोजला, गाठी मारल्या आणि धुवायला काढते म्हणून कपडे पिशवीत भरले.

आता चांगला शिंपी शोधायचा. लग्नाचा सूट शिवायला सांगा, शहाद्यात दहा जण धावत येतील. जुनं कापड आत घ्यायला सांगा, की लगेच यांची नाकं वर. काचेच्या दुकानातल्या एकानं तर "आम्ही अल्टरचं काम घेत नाही" म्हणून पिशवीला हातही लावला नाही. दुसऱ्यानं घेतलं, पण निळ्या शर्टाला असा पांढरा दोरा घातला की आंधळ्यालाही दिसावा. आप्पांनी विचारलंच, "हाई कोनी शिवं?" शिवण उसवली होती, अशी थाप मारून सुंदरबाईंनी वेळ मारून नेली.

शेवटी शेजारच्या मोतीबाईंनी नाव सुचवलं, म्हसावदचा इद्रिस. म्हसावद म्हटल्यावर सुंदरबाई कचरल्या. तिथे अमृत राहत होता, आप्पांचा धाकटा भाऊ. शेतातली पाईपलाईन बांधावरून न्यायची की बांधाखालून, एवढ्याशा गोष्टीवरून दोघं तुटले होते. मायच्या उत्तरकार्यालाही एका मांडवात पाठीला पाठ लावून बसलेले हे भाऊ! पण गरज पडली की कोणतं गाव आडवं येतं? सुंदरबाई पदर कपाळाच्या खाली ओढून म्हसावदला उतरल्या.

इद्रिसभाईंनी शर्ट उलटा केला, नाडा हातात घेतला, आणि न सांगताच त्यांना सगळं उमगलं. जुनी शिवण उसवून तोच विटलेला दोरा त्यांनी पुन्हा वापरला. बटणं सरकवली, खांदे उचलले. कात्री मात्र उचलली नाही. "आजारी मानुसना कपडा मी कापस नई, भाभी. आत दाबी देस. अल्ला करे, सुधारनात ते पुन्हा उसवी दिसू."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पँट चढवली. हूक लागला! ते आरशासमोर छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, "दखं? मी सांगे ना, काटा खोटा शे म्हनीसन." त्या दिवशी ते भाकरी मागून मागून जेवले. सुंदरबाई चुलीपाशी तोंड फिरवून हसल्या आणि रडल्याही.

मग महिन्या-पंधरा दिवसांनी तोच खेळ. आप्पा वाळत गेले, कपडे त्यांच्याबरोबर वाळत गेले. बसलेले गाल वयामुळे, थकवा उन्हामुळे, असं आप्पा समजत. पँटचा हूक लागतो म्हटल्यावर बाकी सगळं त्यांना किरकोळ वाटे. या बरेपणात त्यांचं मनही सैल झालं. एकदा ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "दिवाळीले अमृतकडे जासू म्हनस. फराळ लीसन जासू. धाकला शे, मीच मोठेपना दखाडसू."

सुंदरबाईंचा हात जागीच थांबला. "आतेच जा ना," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आते घाई कसानी? तब्येत चांगली शे मन्ही."

स्वतःच विणलेल्या जाळ्यात माणूस सापडतो तो असा. पुढच्या खेपेला, ही कोणाची भावजय हे ओळखून इद्रिसभाईंनी हळूच विचारलं, "अमृतभाऊले सांगू का?" सुंदरबाई घाबरून नको म्हणाल्या. अमृत रडत दारात आला, तर आप्पांना सगळं कळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यांनी ती मूठ आणखी आवळली.

घट बसायच्या आधीच आप्पा गेले. अंगात मापाचा शर्ट होता. दिवाळीला भावाकडे जायचं आहे, असं आदल्या दिवशीही म्हणत होते.

तिरडीपाशी अमृत ऊर बडवून रडला. दिवसकार्य आटोपल्यावर तो एकदा एकटाच आला आणि वहिनीसमोर खाली मान घालून बसला.

"लोके सांगेत, भाऊ आजारी शे. मन्हा जीव ऱ्हायना नई. शहादाना बजारमा त्याले दुरथून दखं. कपडा कसा आंगबरोबर! मी म्हनं, भाऊ ते धट शे, लोके खोटं बोलतस. रुसवा काढाले अजून टाईम शे. तसाच पाछा फिरी गऊ." त्यानं डोळे पुसले. "भाऊनी निगा चांगली राखी तुम्ही, वहिनी."

सुंदरबाईंच्या छातीत कोणीतरी दाभण खुपसावं तसं झालं. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी सोसल्या असत्या. त्या उठल्या, आतून आप्पांचा शर्ट आणला आणि अमृतच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो उलगडून छातीशी धरला. शर्ट त्याच्या निम्म्या अंगालाही पुरेना.

"हाऊ कोना शे? पोरना?"

"तुम्हना भाऊना," सुंदरबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी नाड्यापासून सगळं सांगितलं.

अमृत शर्टाची घडी घालू लागला, पण ती त्याला जमेना. शेवटी तो तसाच मुठीत धरून म्हणाला, "इतल्या खेपा म्हसावदले उन्यात, वहिनी. एखादी खेप मन्हा दारमा उभ्या ऱ्हातात ते..."