पंचमीचं पाणी

ओढा समोर होता आणि पलीकडे जायचं होतं, एवढंच मला नक्की कळत होतं. बाकीचं त्या दुपारी काही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही सगळं कळलंय असं नाही.

पप्पा रोह्याच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झाले आणि महिन्याभरात त्यांनी हिमाचलची ट्रिप बुक केली. आम्हा दोघांचीच. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती पेणला राहिली. मला का घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चार दिवस डोंगरातून चालायचं, रोज संध्याकाळी नव्या हॉटेलात मुक्काम. मोठ्या बॅगा गाडीने पुढे जायच्या. सोबत वाटाड्या नव्हता. वाट कशी घ्यायची ते लिहिलेले इंग्रजी कागद होते, आणि ते वाचायला मी होते. इंग्रजी शाळेतल्या माझ्या शिक्षणाचा असा उपयोग होतोय हे पप्पांना आवडलेलं दिसत होतं.

तिसऱ्या दिवसाच्या कागदावर एक ओळ होती : ओढा दुपारी बाराच्या आत ओलांडा. कारण दिलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी पप्पांना अंतरं वाचून दाखवली, चढ कुठे, देऊळ कुठे, चहा कुठे मिळेल ते सांगितलं. ती ओळ गाळली. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ओढ्याची काय भीती घालायची, ते हसतील, असं वाटलं असावं. किंवा उशीर होणारच नाही असं धरलं असेन. नक्की का गाळली ते मला आठवत नाही, आणि याचाच मला जास्त त्रास होतो.

सकाळी पप्पा हॉटेलच्या मालकिणीशी राजम्याच्या बियाण्याबद्दल बोलत बसले. मोडक्या हिंदीत त्यांनी तिला आपल्याकडे भातानंतर वाल कसे लावतात ते समजावलं. मी बुटांच्या नाड्या बांधून पायरीवर बसले होते. ‘चला’ एवढा एक शब्द मला म्हणता आला नाही. निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

ओढ्याशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. ओलांडण्यासाठी ओळीने मांडलेल्या दगडांपैकी दोन-तीनच वर दिसत होते. ऊन लख्ख होतं, ढगाचा ठिपका नाही. पप्पांनी काठावर, पाण्याला लागून, एक दगड ठेवला. थोड्या वेळाने तो बुडाला. त्यांनी त्याच्या वर दुसरा ठेवला.

“पाणी चढतंय,” ते म्हणाले.

“पण पाऊस तर नाहीये.”

“पावसाचं नाय ह्ये. भरतीचं चढतं तसं चढतंय, बघ. हळूहळू.”

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. बोटांवर काहीतरी मोजत होते. “काल तुझ्या आईची संकष्टी होती. म्हंजे आज पंचमी. पाचाची पाऊणपट कर.”

“पावणेचार.”

“मग पावणेचारला पुरी भरती. नंतर सुकती लागंल. तवर बसू.”

ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; धरमतरच्या खाडीवर हा हिशेब सहसा चुकत नाही. पप्पांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरच होड्या लोटल्या. पण समुद्र दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाइतका मागे राहिला होता.

“पप्पा, इथे कुठली भरती?”

“मग तू सांग, का चढतंय?”

भूगोलात मला चांगले मार्क असायचे. पण बर्फ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मासळीबाजारातल्या थर्माकोलच्या पेट्या येतात. समोरच्या शिखरांचा पांढरा रंग आणि पायाशी धावणारं गढूळ पाणी यांचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. तिसरा दगड बुडाल्यावर तर मीच मोबाईल काढून पावणेचार वाजायची वाट पाहू लागले. कागद खिशात होता. त्यातली ओळ खरी की पप्पांचा हिशेब? ओळीला कारण नव्हतं. हिशेबाला निदान कारण तरी होतं.

पावणेचार वाजले. मग चार. पप्पा उठले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

“आता भरायचं थांबलंय.”

थांबलं नव्हतं. चौथा दगड माझ्या डोळ्यांदेखत बुडाला.

“पप्पा, नको.”

“काय नको गो? कमरेएवढ्या चिखलातनं गेलोय मी. ही सॅक धर.”

त्यांनी एक पाय पाण्यात घातला. थंडीने त्यांचा चेहरा बदलला. तरी त्यांनी दुसरा उचलला, आणि मी त्यांचं मनगट धरलं. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच.

“कागदावर लिहिलंय. बाराच्या आत जायचं, नंतर नाही.”

“कवा वाचलंस?”

“काल.”

“मग बोलली का नाय?”

पाण्याचा आवाज मोठा होता. मी काहीतरी उत्तर दिलं, ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. पप्पा काठावर आले, रुमालाने पाय पुसले, बूट घातले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सव्वासहाला आम्ही परत त्याच हॉटेलात. मालकीण पोटभर हसली. “अरे अंकल, ऊपर बर्फ़ है ना! धूप लगी, पिघली, नीचे आई. शाम तक चढ़ेगा ही.”

“हमारे यहाँ टाइम से उतरता है,” पप्पा म्हणाले, तिच्या ओढ्याची तक्रार केल्यासारखं.

“हमारे यहाँ भी. सुबह.”

आमच्या बॅगा पुढच्या हॉटेलात होत्या. तिने पप्पांना नवऱ्याचा स्वेटर दिला. जेवताना ते तिच्याशी बोलले, माझ्याशी नाही. की मीच त्यांच्याशी बोलले नाही?

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला सगळे दगड वर होते. आम्ही मिनिटाभरात पलीकडे गेलो. पप्पांनी मागे वळून पाण्याकडे एकदा बघितलं.

पुढे थोड्या अंतरावर वाट दोन बाजूंना फुटली. एरवी पप्पा सरळ निघायचे आणि चुकलं तर परत यायचे. या वेळी ते थांबले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. हा विश्वास होता की राग, मला ओळखता येईना. वाट इथे फुटते असं कागदावर कुठेच नव्हतं.

“बोल,” ते म्हणाले.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने.

“मला पण नाय,” ते म्हणाले आणि वाटेच्या कडेला बसले. कुणी येईपर्यंत मीही शेजारी बसून राहिले.