आत्याने निवडलेला यो-यो

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या आत्याचा एका गोष्टीत कुणी हात धरू शकत नव्हतं. फिरणारी कुठलीही वस्तू कानाशी नेली, की तिचं दुखणं कुठे आहे ते ती डोळे मिटून सांगायची. तेराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली ती हे काम शिकली आणि वडील थकल्यावर दुकान तिनेच चालवलं. आता तिला त्रेपन्नावं लागलं होतं. वर भावाचं बिऱ्हाड, खाली दुकान, आणि दोन्हीकडे तिचंच राज्य. घरातला पंखा कुरकुरला तरी भाऊ आधी तिला हाक मारायचा. ती जिन्यातूनच कान द्यायची आणि म्हणायची, "तेल मागतोय बिचारा, दुसरं काही नाही."

भावाची मुलगी दहा वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. गेलं वर्षभर तिच्या बोटाला एक लाल यो-यो लटकलेला असायचा. खाली सोडला की दोरीच्या टोकाशी गरगरायचा, झटका दिला की उडी मारून तळहातात यायचा. एके दुपारी ती शाळेतून तडक दुकानात शिरली, पाठीवर दप्तर तसंच.

"आत्या, मला नवा यो-यो हवाय. परत न येणारा."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "परत न येणाऱ्याला आपण बिघडलेला म्हणतो. आणि दुरुस्त करतो."

"अगं, तो मुद्दामच तसा केलेला असतो." भिंगरीने लाल यो-यो सोडून दाखवला. "मोठ्या करामतींमध्ये दोरी बोटांवर ताणून यो-यो त्या दोरीवर झेलायचा असतो. हा माझा, दोरी जरा घासली की तिला धरतो आणि वर पळून येतो. नवा कितीही ओढला तरी फिरतच राहतो."

"मग हातात यायचा कसा?"

"दोरीची घडी करून त्याच्या फटीत सारायची. ती आत अडकली की तो वर येतो. त्याला बाइंड म्हणतात."

"तुला येतं?"

"यो-योच नाही, तर येणार कुठून?"

आत्याने वर भावाला हाक मारली. त्याने हात झटकले. "तूच घेऊन जा तिला. फिरणाऱ्यातलं तुलाच कळतं."

शनिवारी दोघी खेळण्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदारीण तिशीची, केस बारीक कापलेले, मधल्या बोटाला पट्टी गुंडाळलेली. तिने भिंगरीचा लाल यो-यो दोनदा टाकायला लावला, मान डोलावली आणि प्लॅस्टिकचा एक रुंद, निळा यो-यो समोर ठेवला.

"पहिलाच असेल तर हा घ्या."

"प्लॅस्टिक?" आत्याने तो दोन बोटांत असा धरला, की जणू कुणी तिला कागदाची सुई दिली होती. तिची नजर कपाटातल्या एका चंदेरी यो-योवर गेली. धातूचा, अरुंद, जड, कडा घासून चकचकीत केलेल्या. "हा फिरवून दाखवा बघू."

दुकानदारिणीने तो सोडला. आत्या वाकली, कान जवळ नेला. यो-यो फिरत राहिला, फिरत राहिला, आणि त्याच्या पोटातून एवढाही खरखराट आला नाही. आत्याचा चेहरा उजळला.

"हाच."

"बाई, यंत्र उत्तम आहे," दुकानदारीण म्हणाली, "पण शिकणाऱ्याला थोडा..."

"चाळीस वर्षं बेअरिंगं ऐकतेय मी," आत्या म्हणाली, आणि विषय तिथेच संपला. चंदेरी यो-यो भिंगरीने दोन्ही हातांत धरून घरी आणला.

पुढचे चार दिवस दुकानामागच्या अंगणातून ठक, ठक असा आवाज येत राहिला. आत्याला वाटलं, सराव जोरात चाललाय. पाचव्या दिवशी भिंगरी नेहमीसारखी बॉबिनं भरून द्यायला बसली, तेव्हा आत्याला तिची बोटं दिसली. दोन पेरं निळीजांभळी झाली होती.

"हे काय गं?"

"काही नाही."

"भिंगरे."

मुलीने बॉबीन खाली ठेवलं. "तो खूप बारीक आहे, आत्या. दोरीवर झेलायला गेलं की बाजूने निसटतो. बाइंड बसत नाही, आणि बसलाच तर दगडासारखा वर येऊन आपटतो."

"मग चार दिवस गप्प का बसलीस?"

"तू एवढ्या हौसेने निवडलास."

आत्याने हातातला पेचकस खणात टाकला, दुकानाचं शटर भरदुपारी खाली ओढलं आणि मुलीचा दुसरा, न दुखणारा हात धरला. इतक्या वर्षांत ते शटर या वेळी कधी खाली आलं नव्हतं. समोरचा चावीवाला उठून विचारायला आला, घरी सगळं ठीक आहे ना.

खेळण्यांच्या दुकानात शिरल्याबरोबर आत्या म्हणाली, "माझं चुकलं. मी नुसतं यंत्र ऐकलं. ते कुणाच्या हातात जाणार, ते पाहिलंच नाही."

दुकानदारीण हसली, पण खिजवायला नाही. तिने भिंगरीचा पंजा उघडून बघितला आणि तोच निळा यो-यो त्यात ठेवला. "हा रुंद आहे, म्हणजे दोरीला पडायला जागा मिळते. कडा गोल आहेत, म्हणजे लागला तरी बोट फुटत नाही. आणि वजन बेताचं." मग तिने भिंगरीला सरळ उभं केलं, यो-यो जमिनीला टेकवला आणि दोरी तिच्या बेंबीपर्यंत मोजून कापली. "एवढीच. लांब दोरीने हात गोंधळतात."

आत्या हे सगळं एखाद्या नव्या शिकाऊ पोरीसारखं बघत होती. "पोट्टीला झबलं बेतावं तसं बेततेस की तू," ती म्हणाली. आता तिला अहोजाहो सुचत नव्हतं.

"चंदेरी परत घेऊ का?"

आत्याने तो पिशवीतून काढला, कानाशी नेला आणि पुन्हा पिशवीत टाकला. "राहू दे. मी शिकेन त्याच्यावर. माझी पेरं तशीही निबर आहेत."

भिंगरी आधी तिच्याकडे बघत राहिली, मग तिला जे हसू फुटलं ते घर येईपर्यंत थांबेना.

त्या दिवसापासून संध्याकाळी दुकानामागच्या अंगणात दोघी उभ्या राहू लागल्या, एक निळा घेऊन, एक चंदेरी. तिसऱ्या दिवशी भिंगरीचा पहिला बाइंड बसला. यो-यो टप् करून तिच्या मुठीत आला आणि ती स्वतःच दचकली. आठवड्याभरात ती दोरीवर यो-यो झेलू लागली, आणि मग गुरू झाली. "आत्या, घाई नको. तो फिरतोय तोवर आपल्याला वेळ आहे. घडी हळूच आत सोड, ढकलू नकोस."

"सुईत दोरा ओवताना हेच मी तुला सांगायचे."

"हो ना. मग ऐक."

आत्याला पाच आठवडे लागले. तिचा बाइंड बसला तो एका मंगळवारी, कोपऱ्यावरचे शिंपीकाका मशीन न्यायला येऊन अंगणाच्या दाराशी उभे असताना. जड चंदेरी यो-यो वर उसळला आणि तिच्या निबर तळव्यात फट्दिशी बसला. हात झणझणला, पण तिने मूठ सोडली नाही. भिंगरी कमरेला मिठी मारून उड्या मारत होती आणि तिच्याबरोबर आत्याही हलत होती.

शिंपीकाकांनी घसा खाकरला. "माझी मशीन कधी होईल म्हणायची?"

"कालच झालीय," आत्या म्हणाली. "अर्धा तास तुम्ही तिच्यावरच टेकून उभे आहात. थोडं सरका, पुन्हा एकदा टाकून बघते."

काका सरकले, आणि टोपी काढून नीट बघायला उभे राहिले.