गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?

अमेरिकेत लेकीकडे गेले, तिथं पार्सिपनीतली ती बाई मला पहिल्या भेटीतच डोक्यात गेली. माझ्या लेकीच्या मॅनेजरची बायको. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून तिला काही कळेना, म्हणून ती बिचारी बेचैन होती.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी त्यांच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून आणायचा. ताटं वाढून घेत होतो, तेवढ्यात तिनं गोड आवाजात मला विचारलं, "काकू, तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?"

ऐकणाऱ्याला वाटावं, सणाची चौकशी चाललीय. पण गौरी कशा बसतात यावरून घराणं ओळखतात, आणि बसतच नसतील तर पुढचं ओळखायला वेळ लागत नाही.

माझ्याआधी लेकच म्हणाली, "खड्यांच्या, वहिनी." इतकं सराईतपणे, की हे उत्तर तिनं आधीही दिलेलं असणार. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"आमच्याकडे गौरी नसतात," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध."

"अय्या, हो का? आम्ही नाही हं असलं काही मानत."

"मग विचारता कशाला?"

बाईचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

गाडीत लेक फुटली. "आई, तू तिथं सीन क्रिएट केलास! माझी ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. जॉब गेला तर सगळं कॅन्सल, बॅगा भरून परत."

"नामांतराच्या मोर्च्यात मी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले, ते तू खोट्या गौरी बसवाव्यास म्हणून?"

"तुझ्याबरोबर अख्खी वस्ती होती! तुरुंगातसुद्धा बायका मिळून गाणी म्हणायच्या, तूच सांगतेस. सुटलीस तेव्हा लोक हार घेऊन उभे होते. माझ्या टीममध्ये मी एकटी आहे."

"भित्री आहेस."

"आहे. आणि तुला माझी काही पडलेली नाही. तुला फक्त जिंकायचं असतं."

रविवारी दुपारी तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यांच्या नैवेद्याचे मोदक दरवर्षी लेक करायची, हे मला तेव्हा कळलं. बाईचा मेसेज होता: यंदा मोदक बाहेरून मागवलेत, तू त्रास घेऊ नकोस.

"झालं समाधान?" लेक म्हणाली. मी त्या बाईला चार शिव्या घातल्या, मनातल्या मनात. बोलले त्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आजही नाही. पण रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी लेक ऑफिसला निघाली, तेव्हा मी साडी नेसून, चपला घालून दारात उभी होते.

"मी येते तुझ्याबरोबर."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"कार्ड लागतं, आई. तुला आत सोडणार नाहीत," म्हणाली आणि गाडी काढून निघून गेली.