नापासचा शिक्का

मामा वारले त्या दिवशी दुपारी पोस्टमनने त्यांच्या नावाचं पत्र आणलं. दोघांसाठी सिंगापूरची सहल लागली होती, फुकट.

मामांइतक्या फुकट सहली नाकारणारा माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. बदलापुरात, कुळगावच्या दोन खोल्यांत बसून त्यांनी बँकॉक, मॉरिशस आणि दोनदा स्वित्झर्लंड नाकारलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते तयार माल तपासत. निवृत्त होताना त्यांनी साहेबांकडे एकच वस्तू मागितली, ‘नापास’चा रबरी शिक्का. बक्षिसाचं पत्र आलं की चष्म्यावर भिंग धरून ते आधी पाकीट बघत, मग तीन प्रश्न विचारत. फॉर्म आपण भरला होता का? आधी पैसे मागतात का? अठ्ठेचाळीस तासांत कळवा म्हणून घाई करतात का? मग शिक्का असा आदळे की शेजारची भांडी हलत. आळीतले लोकही आपापली पत्रं घेऊन येत. शेजारचे म्हात्रे प्रोसेसिंग फीचा ड्राफ्ट काढायला निघाले, तेव्हा मामांनी त्यांना गेटवरच गाठलं. “म्हात्रे, बक्षीस आपण घेतो की भरतो?” म्हात्रे चपला काढून चहाला बसले.

मामी हे स्वयंपाकघरातून ऐकत असे. ती कर्जतच्या पलीकडे गेली नव्हती. उटीच्या तळ्याचं चित्र असलेलं कॅलेंडर साल उलटून गेलं तरी तिने भिंतीवरून काढलं नव्हतं.

एकदा उल्हासनगरच्या एका साडीच्या दुकानाचं पत्र आलं, दोघांना उटीची सहल. मामांनी शिक्का मारला आणि पदरचं तिकीट लावून ते परत पाठवलं. आठवड्याने दुकानाचे सिंधी मालक मिठाईचा पुडा घेऊन दारात.

“काका, गिऱ्हाईक साडी वापस करतं. बक्षीस वापस आलेलं मी पहिल्यांदा बघतोय.”

मामांनी त्यांना बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला. “फॉर्म आम्ही भरला होता का?”

“मी भरला होता,” मामी आतून म्हणाली. “दिवाळीच्या साडीवर कूपन होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तेही नापास केलं असतंत.”

मामांनी उरलेले दोन प्रश्न विचारले नाहीत.

उटीत त्यांनी हॉटेलची चादरसुद्धा भिंगाखाली घातली म्हणे. पण तळ्यातल्या नावेतल्या फोटोत मामी हसते आहे, भिंग खिशात आहे आणि मामा तिच्याकडे बघताहेत. कॅलेंडरच्या जागी आता तो फोटो आहे.

तेराव्यानंतर मी सिंगापूरचं पत्र मामीपुढे ठेवलं. तिने तिन्ही प्रश्न विचारले. पत्र तिन्हींत नापास झालं. शिक्का तिने मारला नाही.

पत्र टेबलावर आहे. उडू नये म्हणून त्यावर शिक्का ठेवला आहे.