यादीत नसलेले पाप

धुळे शहरात माझ्या चुलत्यांइतका पापी माणूस दुसरा झाला नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत, आणि इतक्या निवांतपणे म्हणत की एखादा माणूस आपली उंची सांगतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये ते फिटर होते. बोटांच्या रेघांत काळे तेल कायमचे मुरलेले, मिशीत कापसाचा एखादा तंतू अडकलेला. ते आणि माझे वडील एकाच दिवशी ख्रिस्ती झाले. वडील लवकर गेले आणि मी आबांच्या घरी वाढलो. आमची मंडळी ल्यूथरपंथी. माणूस आपल्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या निव्वळ कृपेने तरतो, ही आमची मुख्य शिकवण. आम्ही सगळ्यांनी ती पाठ केली होती. आबांना ती पटली होती, आणि एखादी गोष्ट पुरती पटलेल्या माणसाबरोबर राहणे फार कठीण असते. कोणी त्यांना "आबा, तुम्ही देवमाणूस" असे म्हटले की ते खरोखर चिडत. "मला ओळखत नाहीस तर बोलू नकोस," म्हणत, आणि मग त्या बिचाऱ्याला आपली ओळख करून देत. ती तासभर चाले.

आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि प्याला घेणे, ज्याला हवे असेल त्याने आदल्या शनिवारी पाद्रीसाहेबांकडे आपले नाव द्यायचे आणि मनावर काही ओझे असेल तर ते तिथे सांगून टाकायचे, अशी रीत होती. बाकीचे लोक दोन मिनिटांत बाहेर येत. आबा यादी घेऊन जात. सरकीच्या नमुन्याच्या पुड्या बांधतात त्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेली, नंबर घातलेली. शेजारच्या बकरीला मनातल्या मनात शिवी दिली. भल्या माणसाची चूक काढताना बरे वाटले. "नंबर सात," एकदा त्यांनी साहेबांना तोंडावर वाचून दाखवले, "गेल्या रविवारी साहेबांच्या मराठीला हसलो." साहेब गोरापान, दूरदेशचा, मनाने सरळ माणूस. त्यांनी विचारले, "कोणत्या वाक्याला?" आबा म्हणाले, "ते सांगितलं तर पुन्हा हसेन, साहेब." दारामागच्या रांगेत लोक तिष्ठत उभे असत. पुढे पुढे तर मंडळीतले शहाणे लोक शुक्रवारीच आबांना विचारून ठेवत, "या खेपेला किती?" वीसच्या वर आकडा निघाला तर ते आबांच्या आधी जाऊन नाव देऊन येत.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हा आबांचा खास मोसम. जिनमधून कापसाच्या गासडीची एक लोखंडी पट्टी मागून आणून त्यांनी तिचे कडे वळवले होते. त्यावर कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा आणि चार मेणबत्त्या बसवायच्या, दर रविवारी एक जास्त लावायची. निंब दुसऱ्याच रविवारी वाळून झडू लागे आणि साहेबांच्या पुस्तकावर पाने पडत. पण पाला बदलायला आबा तयार नसत. "वाट बघण्यात माणूस असाच वाळतो, दिसू द्या," म्हणत. या चार आठवड्यांत नाताळाचे गाणे म्हणायला त्यांची बंदी होती. कुठल्या घरातून पाळण्याचा सूर आला की हे दारात हजर. "अजून जन्मला नाही, बाई. कोणाला निजवता आहात?" घरात काकू करंज्या तळायला बसल्या की हे बाहेर ओट्यावर बसत, पहिला घास नाताळाच्या सकाळी घ्यायचा म्हणून. एकदा काकूंनी मुद्दाम खिडकी उघडी ठेवली. त्या शनिवारच्या यादीत 'करंजीचा वास जाणूनबुजून घेतला, तीनदा' अशी नोंद होती.

एका वर्षी साहेबांच्या पत्नीने, मडमसाहेबांनी, नवीन टूम काढली. देवळात बाळासाठी रिकामी गव्हाण ठेवायची. ज्याने त्याने दर चांगल्या कामामागे गवताची एक काडी तीत टाकायची, म्हणजे नाताळापर्यंत बाळाची गादी मऊ होईल. मंडळी हौसेने कामाला लागली. वस्तीतल्या एका म्हातारीच्या घरी एकाच सकाळी सात जणांनी पाणी भरले. रांजण झाला, घागरी झाल्या, परात झाली, शेवटी चूल वाचवायला म्हातारीने आतून कडी लावून घेतली. गव्हाण आठ दिवसांत शिगोशीग. रविवारी आबा उभे राहिले.

"मडमसाहेब, या गादीवर बाळ निजायचं नाही. पुण्याची काडी फार टोचते."

"मग कशाची टाकायची, आबा?"

"पापाची. ज्यानं त्यानं आपापलं पाप आठवायचं आणि काडी टाकायची."

"ती टोचणार नाही?"

"टोचेल की. पण ती अंगाखाली घ्यायलाच तर तो येतोय."

 मडमसाहेबांनी उठून गव्हाण उपडी केली. तेव्हापासून आमच्याकडे पापाच्या काड्या टाकायची पद्धत पडली. तिला आबांचा एकच नियम होता, काडी फक्त आपली. दुसऱ्याच्या नावाची टाकायची नाही.

इथवर लिहायला सोपे गेले. आबांच्या या गोष्टी मी अनेकदा सांगितल्या आहेत आणि लोक हसले आहेत. पुढची कोणाला सांगितलेली नाही.

आबांचा धाकटा भाऊ हिंदूच राहिला होता. अमळनेरकडच्या आमच्या मूळ गावी तो शेती करी. आबा आणि माझे वडील ख्रिस्ती झाले तेव्हापासून वीस वर्षे त्या घराचे दार आम्हांला बंद होते. खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि तो रोट भाऊबंदांखेरीज बाहेरच्या कोणालाही देत नाहीत. म्हणजे ज्याच्या नावाची मूठ निघते तो घरचा, ज्याची निघत नाही तो परका. मी बावीस वर्षांचा असताना एका श्रावणात तो भाऊ अचानक धुळ्याला आला. दारातच उभा राहिला. टोपी हातात.

"दादा, यंदा तुन्हा नावनी मूठ धरेल शे," तो म्हणाला. "पोऱ्यानी बी धरेल शे. तुम्ही नही उनात ते रोट तसाच राही जाई."

पोऱ्या म्हणजे मी; आम्ही आलो नाही तर दोन्ही रोट तसेच राहणार होते. आबा खुंटीवरचा कोट काढून अंगात घालू लागले, आणि त्यांना बाही सापडेना.

आम्ही गेलो. माजघरात कानबाई मांडलेली होती, समया तेवत होत्या. आबांनी हात जोडले नाहीत आणि कोणी जोडायला सांगितलेही नाही. भाऊ वाढत होता. जाड रोट, खीर, लाल भोपळ्याची भाजी. "खा ना, दादा," एवढेच तो मधूनमधून म्हणे. आबांनी रोट खाल्ला. माझ्याही पानात माझा रोट होता. तो मीही खाल्ला.

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. भावाने आनंदाच्या भरात बाजारात चार जणांना सांगितले आणि महिन्याभरात ते साहेबांच्या कानावर गेले. त्याच सुमारास मला पाळकाच्या, म्हणजे पाद्रीच्या, शिक्षणाला पाठवायचे ठरत होते. साहेबांनी आधी मलाच बंगल्यावर बोलावले.

"तू तिथे होतास?"

"होतो."

"आबांनी नैवेद्य खाल्ला?"

"खाल्ला."

"आणि तू?"

"मी अंगणात बैल बघत होतो," मी म्हणालो.

बैल मी खरेच बघितले होते. जेवणानंतर.

मग मंडळीच्या पंचांसमोर आबांना उभे केले. मी कोपऱ्यातल्या बाकावर होतो. साहेबांना बिचाऱ्यांना ते सगळे लवकर मिटवायचे होते. म्हणाले, "आबा, चूक झाली म्हणा, पाप झालं म्हणा, मी क्षमेचं वचन वाचतो, आपण चहा घेऊ." अवघे धुळे ज्यांच्या पापांच्या याद्या ऐकून दमले होते ते आबा मान हलवत होते.

"साहेब, पाप असतं तर तुम्ही विचारायच्या आधी शनिवारच्या यादीत आलं असतं."

"तिथे देवी मांडली होती ना?"

"होती. मी भावाच्या हाताकडे बघत होतो. वीस वर्षांनी तो हात मला वाढत होता. मी भावाच्या घरी जेवलो. ते पाप म्हणून सांगितलं तर खोटा पापांगीकार होईल, आणि मग तो खरंच यादीत घालावा लागेल."

एका पंचाने विचारले, "तुमच्याबरोबर आणखी कोणी खाल्लं?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. जिनमधले पट्ट्यावर चढलेले यंत्र नीट चालते आहे ना हे बघताना ते जसे बघत, तसे. मग म्हणाले, "माझं मी सांगितलं. दुसऱ्याची काडी टाकायची मला सवय नाही."

जोवर सर्वांसमोर पाप कबूल करत नाहीत तोवर आबांना प्रभुभोजन बंद, असा ठराव झाला. मी शिकायला गेलो.

ती बंदी सोळा वर्षे चालली. आबांनी एक रविवार चुकवला नाही. गासडीचे कडे, निंबाचा पाला, चार मेणबत्त्या, सारे तेच मांडत. पण वेदीवर भाकर झाकणारे पांढरे कापड बाजूला झाले की ते उठून देवळाबाहेरच्या निंबाच्या झाडाखाली जात. आत लोक भाकर घेत तेवढ्या वेळात ते पायरीवरच्या चपला जोडीजोडीने लावून ठेवत, टोके बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे बाहेर येणाऱ्याला नुसते पाय सरकवायचे. साहेब मायदेशी गेले आणि त्याच देवळात मी पाळक होऊन आलो, तेव्हा त्या रांगेत माझे बूटही असत. तेही ते सरळ करत.

बंदी उठवायला माझा एक शब्द पुरे होता. पण पंचांनी विचारले असते, का उठवता? त्या 'का'चे खरे उत्तर मी केव्हाच त्या अंगणात बैलांपाशी सोडून आलो होतो. मी शनिवारी लोकांची ओझी ऐकत असे, क्षमेचे वचन वाचत असे, आणि गव्हाणीत काडी टाकायची वेळ आली की हातात मेणबत्त्या घेऊन काहीतरी कामात असे.

सोळाव्या वर्षी आगमनाच्या तिसऱ्या रविवारनंतर आबांची छाती भरली. एका दुपारी मी ठरवले की आता बंदी नाही आणि पंच नाहीत. लहान प्याला आणि भाकरीची डबी रुमालात बांधून मी त्यांच्या घरी गेलो. काकू ओट्यावर करंज्यांचा रवा चाळत होत्या. रुमाल बघून आबा उशीला टेकून उठून बसले.

"आधी पापांगीकार," म्हणाले. "रीत ती रीत."

यादी तयार होती. "तुझ्या काकूला चहा बेचव म्हणालो. चहा चांगला होता, तोंड बेचव होतं. वैद्याला दूर राहणारा म्हणून नावं ठेवली. मरणाची भीती वाटली, दोनदा." असे सतरा झाले. कागद घडी करून त्यांनी उशाखाली ठेवला.

"माझं झालं. आता तू."

"आबा, मी पाळक आहे."

"म्हणून तर. तुझं कोण ऐकतं? मी ऐकतो. आपल्यात कोणीही कोणाचं ऐकावं, देवाच्या नावानं क्षमा सांगावी, हे तूच शिकवतोस ना लोकांना."

बाहेर चाळणी हलत होती. वाक्य माझ्या तोंडात होते. चार शब्दांचे. आबा माझ्याकडे तसेच पाहत होते, पट्ट्यावरच्या यंत्राकडे पाहावे तसे.

"यंदा थंडी फार आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. "हो. आहे खरी." मग हात लांबवून त्यांनी माझ्या रुमालाची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. म्हणाले, "राहू दे आज. दोघं मिळून घेऊ. तुझं मन झालं की ये. आगमनाचेच दिवस आहेत, वाट बघायला काय."

मी उद्या जाणार होतो. उद्या माझे मन झाले नाही. परवा सकाळी काकूंचा निरोप आला, आबा गेले. नाताळाला तीन दिवस होते. सोळा वर्षे बाहेर उभ्या असलेल्या माणसासमोर भाकर आली होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी थांबवून ठेवली.

नाताळाच्या दिवशी देऊळ भरले होते. भाकर आणि प्याला सर्वांना दिला. सगळे गेल्यावर मी बाहेर आलो. पायरीवर चपला इतस्ततः उडवल्याच्या खुणा धुळीत होत्या. माझे बूट जसे काढले होते तसेच पडले होते, टोके आतल्या बाजूला, एक उपडा. मी ते तिथेच बसून घातले. बराच वेळ लागला.

त्याला काही वर्षे झाली. आता माझे केस पिकले आहेत. काकूही नाहीत. येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि पंचांना मी सांगून ठेवले आहे की उपासनेआधी मला उभे राहून काही सांगायचे आहे. त्यांना वाटते, देवळाच्या छपराबद्दल असेल. इथे लिहिले आहे तेच मी तिथे सांगणार आहे. रोट मीही खाल्ला होता. अर्धा नाही, अख्खा. गोड होता. त्याबद्दल मला काही सांगायचे नाही, आबांनी ते सांगून ठेवलेले आहे. माझी काडी बैलांची आहे.

पंच काय ठरवतील ते ठरवोत. त्या रविवारी भाकर दुसऱ्या कोणी तरी वाटावी. पांढरे कापड बाजूला झाले की मी बाहेर निंबाखाली जाईन. पायरीवर चपला पडलेल्या असतीलच.